शेकडा किती?

बीड जिल्ह्यातल्या एका लहान गावच्या हायस्कूलचा दहावीचा निकाल सलग तीन वर्षं शंभर टक्के लागला होता. फाटकावरच्या फ्लेक्सवर मुलांपेक्षा पुढाऱ्यांचे फोटो मोठे होते. ते सगळीकडेच असतात.

जूनमध्ये नव्या मुख्याध्यापक बाई रुजू झाल्या. लिपिकाने पहिल्याच दिवशी नववी पास झालेल्या मुलांचे ११ दाखले सहीला ठेवले.

"एवढी मुलं गाव सोडून चालली?"

"गावातच आहेत, मॅडम. कच्ची आहेत. नववी पास करतो, दाखला न्या आणि सतरा नंबर भरा, असं पालकांना सांगतो. बाहेरून बसली की आपल्या निकालात धरत नाहीत."

सतरा नंबरचा फॉर्म शाळा सुटलेल्यांना परीक्षेची वाट मिळावी म्हणून असतो. इथे शाळा सोडवायलाच तो कामी येत होता. आठवीपर्यंत मुलाला काढायला कायद्याची आडकाठी, म्हणून चाळणी नववीला.

बाईंनी सही केली नाही. दहावीचा पट ३६ वरून ४७ झाला. शिक्षक कुरकुरले.

अकरांतल्या एकाचा बाप दाखला मागायला आला. ऊसतोडीला जाणारा माणूस. "मुकादमाची उचल घेतलीय बाई. दसरा झाला की निघायचं. पोरगं संगं आलं तर तेवढाच हात लागतो. सरच म्हनले होते, शाळेत बसून ह्याचं काय व्हायचं न्हाई."

"आजी आहे ना घरी? तिच्याजवळ ठेवा. वर्षभराचा प्रश्न आहे."

तो हो म्हणाला नाही, पण दाखल्याशिवाय गेला.

शाळा भरण्याआधी बाईंनी स्वतः गणिताचा तास सुरू केला. बीजगणितात अडणारी मुलं खरी अडली होती भागाकारात. अपूर्णांक तर त्यांनी कधीच सोडून दिले होते. दहावीच्या फळ्यावर चौथीची गणितं पाहून काही शिक्षक हसले. पुढे त्यातलेच एक सर इंग्रजी वाचून घ्यायला सातला येऊ लागले. बाकीचे आले नाहीत, हेही खरं.

निकाल लागला. ४७ पैकी ४२ पास, ८९.३६ टक्के. वरून खुलासा मागवला गेला, निकाल घसरला कसा? बाईंनी दोन ओळी लिहिल्या: गेल्या वर्षी ३८ बसले, ३८ पास झाले. यंदा ४२ पास झाले, त्यातले सहा जण आपण काढायला निघालो होतो.

खुलाशाने वरच्यांचं समाधान झालं की नाही, कोण जाणे. शाळा समितीचं तरी झालं नाही. शेजारच्या गावात शंभर टक्क्यांचे पेढे वाटले गेले होते आणि ते इथेही आले होते.

ऊसतोडीवाल्याचा मुलगा गणित आणि इंग्रजीत राहिला. बाप त्याला घेऊन आला. "तुमचा निकाल पाडला ह्यानं. द्या आता दाखला."

"दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो, हे कुणी सांगितलं का तुम्हाला?"

त्याने मान हलवली. सांगितलं नव्हतं.

"दाखला त्यासाठी देईन. पण आधी पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरायचाय." त्या मुलाकडे वळल्या. "उद्या सातला ये. बाकीच्या चौघांनाही निरोप दे."