कुलूप आणि संयम

सायंआरती संपते, तीर्थप्रसाद होतो, आणि सभामंडपाच्या पायरीवर बसलेले मूल आईकडे मोबाइल मागू लागते. पुष्कळदा ते मागण्यापूर्वीच आम्ही वडील मंडळी तो त्याच्या हाती देतो, कारण आम्हांला निवांतपणे चार शब्द बोलायचे असतात. येथे दोष मुलाचा म्हणावा काय?

मोबाइल हे निव्वळ खेळणे असते, तर प्रश्न सोपा होता. परंतु २०२० साली महामारीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा याच काचेच्या पाटीवर असंख्य मुले शिकली. विद्या आणि करमणूक आता एकाच दाराने घरात येतात. दार लावून घ्यावे, तर विद्या बाहेर राहते. सताड उघडे टाकावे, तर अभ्यास बाजूस पडतो.

यावर यंत्रकर्त्यांनीच एक तोड काढली आहे. गूगलचे ‘फॅमिली लिंक’ किंवा ॲपलचे ‘स्क्रीन टाइम’ यांच्या साहाय्याने आईबापांना रोजची मर्यादा ठरविता येते, अभ्यासाची साधने मोकळी ठेवून खेळांस आळा घालता येतो, निजेच्या वेळी यंत्र बंद राखता येते. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ साली सांगितले आहे की, दोन वर्षांच्या आतील मुलास पडदा नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलास दिवसाकाठी एका तासाहून अधिक नको.

अशी कुलपे अवश्य लावावीत, असे आमचे मत आहे. विहिरीस कठडा बांधणे म्हणजे मुलावर अविश्वास दाखविणे नव्हे. तथापि कठडा पोहणे शिकवीत नाही. केवळ पहाऱ्याच्या भीतीने पाळलेला नियम पहारा उठताच मोडतो. मुलाने वडिलांचा संकेतशब्द चोरून पाहिला, तर ते संयम न शिकता लपवाछपवी शिकले, असेच म्हणावे लागेल.

मग लादलेला नियम मुलास आपलासा केव्हा वाटेल? सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावी २०२२ साली एक उपक्रम सुरू झाला. सायंकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजे, आणि साडेआठपर्यंत घरोघरी मोबाइल व दूरदर्शन संच बंद राहत. मुले अभ्यास करीत, मोठी माणसेही वाचन करीत. आम्हांस यातील मर्म हे दिसते की, भोंगा एकट्या मुलांसाठी नव्हता. श्रेष्ठ जसे आचरण करतात तसेच इतर लोक करतात, हे गीतेच्या तिसऱ्या अध्यायात सांगितलेच आहे.

कोणी म्हणतील, ‘आमचा उद्योगच मोबाइलवर चालतो.’ हे खरे आहे. अशा वेळी आपण काय काम करीत आहो, हे मुलास सांगावे, आणि काम संपताच मोबाइल त्याच्या देखत खाली ठेवावा. मूल वाढेल तशी त्याच्याशी बोलून मर्यादाही सैल करीत जावी.

चातुर्मासात आपण कांदालसूण वर्ज्य करतो, तेव्हा स्वयंपाकघरास कोणी कुलूप लावीत नाही. नियम आपण स्वतः घेतलेला असतो, म्हणून तो पाळला जातो. येत्या चातुर्मासात दिवेलागणीपासून जेवण होईपर्यंत घरातील सर्वांचेच मोबाइल बाजूस ठेवण्याचा नियम सभासद कुटुंबांनी घ्यावा, आणि प्रारंभ वडिलधाऱ्यांनी करावा, अशी आमची विनंती आहे.