काठी आणि मोत्यांचा हार

आमच्या कुंभारीत सिनेमाची लांबी विड्यांत मोजता येते. सोलापूरहून अक्कलकोटच्या रस्त्याला लागलं की हे गाव येतं. २००६ साली इथल्या माळावर गोदूताई परुळेकरांच्या नावानं विडी कामगार बायकांची १०,००० घरं उभी राहिली. पुढे रे नगर झालं आणि २०२४च्या जानेवारीत तिथल्या १५,००० घरांचा ताबा दिला गेला. एवढ्या घरांत दुपारी काय चालतं, तर मांडीवर सूप, सुपात भिजवलेली तेंदूची पानं, कात्री, पत्र्याचं माप, तंबाखू आणि दोरा. समोर टीव्ही चालू असतो, पण नजर सुपात असते. म्हणून इथे सिनेमा बघण्यापेक्षा ऐकलाच जास्त जातो. शेजारच्या अक्कांचा हिशेब ठरलेला आहे : एक ‘देवदास’ म्हणजे तीनशे विड्या.

अक्कांचा देवदास दिलीपकुमार नव्हे, अक्किनेनी नागेश्वरराव. मागावरच्या कामासाठी तेलंगणातून सोलापुरात आलेल्या पद्मशाली विणकर घरांत बोली तेलुगू राहिली आणि तिच्याबरोबर तेलुगू सिनेमाही राहिला. १९५३चा ‘देवदासु’ वेदांतम राघवय्यांचा. पार्वती झालेली सावित्री, आणि नागेश्वररावांच्या ओठांवर घंटसालांचा आवाज. अक्कांच्या सुनेला विमल रॉय यांचा १९५५चा ‘देवदास’ आवडतो, तोही सासूला टोचावा म्हणून जरासा जास्तच. नातीला २००२चा भन्साळींचा हवा, कारण त्यात रंग आहे, घागरे आहेत, नाच आहे. एका घरात तीन देवदास आणि तिघांवर तीन मतं. मी निवृत्त शिक्षक; माझ्याकडे चौथं मत होतं आणि तेच खरं, असा माझा बरीच वर्षं समज होता. ते मत एका शब्दात सांगता येई : मूळ कादंबरी.

‘मूळ कादंबरीत असं नाही,’ हे वाक्य शिकलेल्या प्रेक्षकाच्या हातातली छडीच असते. ती मी अनेकदा उगारली. एकदा भन्साळींच्या सिनेमात पारो, म्हणजे पार्वती, आणि नायकीण चंद्रमुखी जोडीनं नाचत होत्या. मी म्हणालो, ‘‘पुस्तकात या दोघी एकमेकींना भेटतसुद्धा नाहीत.’’ विमल रॉय यांनी त्यांना रस्त्यात समोरासमोर आणलं होतं. एक पालखीत, दुसरी पायी. दोघी नुसत्या बघतात, शब्द निघत नाही. भन्साळींनी थेट फेर धरायला लावला. सून म्हणाली, ‘‘पालखीतलं बघणं बरं होतं.’’ नात म्हणाली, ‘‘भेटल्या तर काय बिघडलं? भांडण त्या दोघींचं होतंच कुठं?’’ माझ्या छडीला जे सुचलं नव्हतं, ते पोरीला सुचलं. पुस्तकात नव्हतं हे खरं, पण का असू नये, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

दुसऱ्यांदा अक्कांनीच मला गप्प केलं. लग्न ठरलेल्या पार्वतीच्या कपाळावर देवदास वार करतो तो प्रसंग. मूळ कादंबरी लिहिणाऱ्या शरच्चंद्रांनी त्याच्या हातात मासे धरायच्या गळाची काठी दिली. भन्साळींनी मोत्यांचा हार दिला. मी हा फरक रंगवून सांगत होतो : काठीत गावाकडचा राग आहे, बालपणाच्या तळ्याची आठवण आहे, हारात नुसती सजावट आहे. अक्कांनी दोरा दातानं तोडला आणि म्हणाल्या, ‘‘मास्तर, मारलं ते मारलंच की. काठीनं काय नि हारानं काय, खोक तर हिच्याच कपाळाला.’’

त्यानंतर कितीतरी वेळ मी त्या वाक्याशी झुंजत होतो. समीक्षेत त्या व्रणाला प्रेमाची खूण म्हणण्याची रीत आहे. कथाही त्याला तसंच वळण देते. पण ज्या वस्तीत संध्याकाळी कुणाचा नवरा कशा पावलांनी घरी येतोय, हे आवाजावरून ओळखलं जातं, तिथे दारुड्याची कहाणी ऐकणारीच्या मनात आधी पार्वती उभी राहते. मध्यरात्री सगळी लाज बाजूला ठेवून त्याच्या खोलीत गेली ती पार्वती. कच खाल्ली ती त्यानं. अक्कांचं म्हणणं असं, की कारखान्यात विडी सैल वळलेली निघाली तर ती छाट म्हणून बाजूला टाकतात, तिचे पैसे मिळत नाहीत. या माणसाला मात्र कुणी छाट काढत नाही. उलट गाणी देतात.

मग वाटलं, माझा ‘मूळ कादंबरी’चा आग्रह कुठल्या पायावर उभा होता? शरच्चंद्रांनी ‘देवदास’ विशीत लिहिली आणि ती छापून आली १९१७ साली. मधली वर्षं तिचं हस्तलिखित पडून होतं, आणि ती छापण्याबद्दल खुद्द लेखकच नाखूष होता. ज्या पुस्तकाबद्दल त्याच्या जन्मदात्याच्या मनात किंतु होता, त्याच्याशी इमान राखलं नाही म्हणून मी दिग्दर्शकांना फटकारत होतो.

शिवाय दिग्दर्शक तरी कोण? तेही प्रेक्षकच. प्रमथेश बरुआंनी १९३५ साली ‘देवदास’ पडद्यावर आणला. हिंदी आवृत्तीत सैगल होते आणि कॅमेऱ्यामागे होते विमल रॉय. वीस वर्षांनी त्याच विमलबाबूंनी स्वतःचा ‘देवदास’ काढला. एक चित्रपट इतक्या जवळून बघितलेल्या माणसाचं मत म्हणजे त्याचा दुसरा चित्रपट. त्यात चंद्रमुखी झालेल्या वैजयंतीमालेनं साहाय्यक अभिनेत्रीचं फिल्मफेअर नाकारलं, कारण आपली भूमिका पार्वतीच्या बरोबरीची आहे, असं तिचं म्हणणं होतं. हेही मतच, आणि किंमत मोजून दिलेलं. अनुराग कश्यपच्या ‘देव डी’नं २००९ साली नायकाला मरूच दिलं नाही.

पण या सगळ्यांत मोठं मत मराठी आहे. सैगलच्या देवदासानं देशभरची तरुण मुलं हळवी होऊन बसली, हे व्ही. शांताराम यांना सोसेना. त्यांनी पुण्याच्या ‘प्रभात’मध्ये १९३९ साली ‘माणूस’ काढला. शाहू मोडकांचा पोलीस, शांता हुबळीकरांची वेश्या मैना. प्रेम इथेही तडीस जात नाही, पण प्रेम हरलं म्हणून माणसानं मरायचं नसतं, हे शांतारामबापूंनी ठणकावून सांगितलं. एका चित्रपटावरचा अभिप्राय म्हणून आख्खा दुसरा चित्रपट! आपल्याकडच्या रोखठोक स्वभावाला हे शोभून दिसतं. ‘माणूस’ मला आजही मोठा वाटतो.

तरी एक शंका राहते. रडणारा प्रेक्षक विचार करत नाही, आसवं आली की विवेक वाहून जातो, असं या उत्तरामागे कुठेतरी गृहीत आहे. कुंभारीतल्या दुपारी मला ते पटेनासं झालं. अक्का देवदासाला क्षमा करत नाहीत. भित्रा, आयत्या पैशावर जगलेला, बाईवर हात टाकणारा, अशी त्याची छाट त्यांनी केव्हाच काढली आहे. आणि शेवटी तो बैलगाडीतून पार्वतीच्या दाराशी येऊन पडतो, तेव्हा त्याच अक्का पदर डोळ्यांना लावतात. निकाल फिरवलेला नसतो. निकाल देऊन झाल्यावरचं ते रडणं असतं. ज्यांच्याशी आयुष्यभर भांडलो, त्यांच्याही मर्तिकाला आपण जातो, तसं काहीसं.

गंमत अशी, की अक्कांनी न वाचलेल्या पुस्तकाचा शेवट नेमका इथेच येतो. शरच्चंद्र शेवटी वाचकाकडे देवदासासाठी कौतुक मागत नाहीत. तो अभागी होता, पापी होता, असंच ते म्हणतात; फक्त त्याच्यासारखं मरण कुणाला येऊ नये, मरताना कपाळावर मायेचा एखादा हात तरी असावा, एवढं मागणं करतात. मी आयुष्यभर मूळ कादंबरीची छडी मिरवली आणि तिचं शेवटचं पान पाठ करूनही विसरलो. काठी की हार, भेटल्या की नाही भेटल्या, यातच माझं इमान अडकून पडलं होतं.

गेल्या आठवड्यात अक्कांनी मोबाइलवर पुन्हा ‘देवदासु’ लावला. मी काही बोललो नाही, ऐकत बसलो. फाटकाबाहेर देवदास गेला. अक्का सुपाकडे बघत म्हणाल्या, ‘‘मेला तो मेला. पण घोटभर पाणी तरी कुणी पाजायचं की.’’

मग त्यांनी वळलेल्या विड्या मोजल्या. तीनशेला वीस कमी भरल्या.