विवरातलं गाव, काठावरचं गाव

जर्मनी पाहून आलेली मराठी मंडळी हायडेलबर्ग आणि रोथेनबुर्गबद्दल भरभरून बोलतात. रोथेनबुर्गहून दक्षिणेला निघालं की डिंकेल्सब्यूल लागतं आणि त्याच्यापुढे न्योर्डलिंगेन. मला त्या वाटेवरच्या सगळ्या जुन्या गावांत न्योर्डलिंगेनची ओढ अधिक आहे, कारण त्याचं एक भावंड आपल्या बुलढाणा जिल्ह्यात आहे: लोणार.

न्योर्डलिंगेनचा तट १३२७ मध्ये बांधायला घेतला. आजही तो अखंड आहे. छपराखालच्या वाटेने साऱ्या गावाला वळसा घालता येतो. पण तटाबाहेर पसरलेलं सपाट मैदान म्हणजे अशनीपाताचं विवर आहे, हे सांगितल्याशिवाय कुणाला कळत नाही. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी झालेलं हे विवर चोवीसेक किलोमीटर रुंद आहे. एवढा मोठा खळगा माणसाच्या नजरेत मावतच नाही.

गावातल्या सेंट जॉर्ज चर्चचा दगड या आघातातूनच जन्मला. करड्या दगडात काळसर काचेचे तुकडे अडकलेले दिसतात. खडक वितळून तसाच गोठला, त्याची ही खूण. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात हिऱ्याचे कणही सापडतात. पंधराव्या शतकात चर्च उभारणाऱ्या गवंड्यांना तो जवळच्या खाणीतला, घडवायला सोपा दगड एवढंच ठाऊक होतं. पुढे भूवैज्ञानिकांनीही बराच काळ इथे ज्वालामुखीच मानला. १९६० मध्ये युजीन शूमेकर आणि एडवर्ड चाओ यांना इथल्या खडकात कोएसाइट सापडलं. प्रचंड दाबाखालीच घडणारं हे खनिज जमिनीच्या पृष्ठभागावर सापडावं, याचा अर्थ आघात वरून झाला होता. दहा वर्षांनी अपोलो १४ चे अंतराळवीर चंद्रावरचे खडक ओळखायला शिकण्यासाठी इथे आले.

लोणारलाही आधी ज्वालामुखीचंच विवर म्हणत. १९७३ मध्ये कर्ट फ्रेडरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथल्या खडकात मॅस्केलिनाइट दाखवून दिलं: आघाताच्या दाबाने स्फटिकाची झालेली काच. ते काळ्या दगडात, बेसॉल्टमध्ये होतं, हे फार महत्त्वाचं. चंद्रावरचे काळे डाग बेसॉल्टचेच. न्योर्डलिंगेनच्या खाली चुनखडी आणि ग्रॅनाइट आहे. चंद्राच्या जमिनीशी लोणारचं नातं अधिक जवळचं. विवराच्या वयाचा वाद मात्र मिटलेला नाही. जुनी मोजणी बावन्न हजार वर्षं सांगते, नंतरची पावणेसहा लाखांच्या घरात जाते.

लोणारचं विवर पावणेदोन किलोमीटरच्या आसपास, काठावर उभं राहिलं की एका नजरेत मावणारं. त्यामुळे इथे उलटंच घडलं. तिकडे गावापुढे विवर दिसत नाही. इकडे विवरापुढे गाव दिसत नाही. लोक गाडीतून उतरतात, कठड्याशी फोटो काढतात, २०२० च्या जूनमध्ये विवरातल्या सरोवराचं पाणी गुलाबी झालं होतं त्याची आठवण काढतात आणि शेगावच्या वाटेला लागतात. त्यांच्या पाठीमागे, ऐन वस्तीत, दैत्यसूदनाचं, म्हणजे विष्णूचं, देऊळ उभं असतं.

हे देऊळ सावकाश पाहावं. बाहेरच्या भिंती कोनाकोनांनी आत-बाहेर वळत जातात, म्हणून दिवसभर कुठला तरी कोपरा उन्हात आणि त्याच्या शेजारचा सावलीत असतो. एकेका मूर्तीची पाळी आल्यासारखी ती उजळते. आत अंधार असतो. छताकडे विजेरी धरली की कोरलेल्या कथा एकेक करून पुढे येतात. विष्णूने इथे लवणासुराला मारलं ही कथा गावाची. तिच्यात असुर जमिनीखाली दडलेला असतो आणि विष्णू पायाच्या अंगठ्याने त्याच्या विवराचं झाकण उडवतो. ते ढाकेफळजवळ जाऊन पडलं म्हणतात. खारट पाणी, भोवतालचा गोल कडा, काठावरच झिरपणारी गोड पाण्याची धार, या सगळ्याचा अर्थ लावण्याचा हा प्रयत्न आहे आणि मला तो आदराने ऐकावासा वाटतो. जमीन इथे उघडली गेली, एवढं त्या माणसांनी नेमकं ओळखलं होतं.

त्यांनी या पाण्याचा संसारही केला. सरोवराच्या क्षाराचे दल्ला, पापडी, खुप्पल, भुसकी असे प्रकार त्यांनी वेगळे केले. साबण आणि काचेच्या बांगड्यांसाठी तो क्षार बाहेर जाई. नवरात्रात आजही माणसं कडा उतरून कमळजा देवीला जातात.

न्योर्डलिंगेनने १९९० मध्ये एका जुन्या कोठारात विवराचं संग्रहालय उघडलं. आपण लोणारला २०२० मध्ये पाणथळ जागांच्या रामसर यादीत नेलं, ते चांगलंच झालं. पण पाण्यात उतरणारं सांडपाणी आणि माजलेली वेडी बाभूळ यांसाठी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत जावं लागलं, आणि विवरातल्या कितीतरी देवळांच्या शिळा झुडपांत ढासळत आहेत. लोणारला जाणाऱ्याने म्हणून एक मुक्काम करावाच. आधी दैत्यसूदन, मग धारेवरचं गोमुख, तिथून पायवाटेने खाली कमळजेपर्यंत. कठड्यावरचा फोटो सगळ्यात शेवटी.