वाचलेल्या वेळेची वाटणी

मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाच्या घरातील हिंसेची पाच ठिकाणे सांगितली आहेत : चूल, दळण्या-वाटण्याचा दगड, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. यांना ‘पंचसूना’ अशी संज्ञा आहे. सूना म्हणजे वधस्थान. या साधनांशी काम करताना नकळत जीवजंतू मरतात. त्या दोषाच्या निष्कृतीसाठी गृहस्थाने रोज पाच महायज्ञ करावेत, असे तेथे विधान आहे. त्या ग्रंथाने स्त्रीला आणि शूद्राला जे स्थान दिले, ते आज कोणताही विवेकी माणूस मान्य करणार नाही. तरीही या एका कल्पनेत विचार करण्याजोगे काही आहे. अन्न सिद्ध करण्याचे साधन निर्दोष नसते आणि जो जेवतो तो कोणाचा तरी देणेकरी असतो, हे त्या कल्पनेने ओळखले होते. मात्र तिची दृष्टीही अपुरीच राहिली. मुसळाखाली सापडणारी मुंगी तिला दिसली. ते मुसळ उचलणारा हात दिसला नाही.

आता बहुतेक शहरी स्वयंपाकघरांतून आणि अनेक खेड्यांतूनही ही पाच साधने एक तर नाहीशी झाली आहेत किंवा कोपऱ्यात गेली आहेत. चुलीची जागा गॅसने घेतली, पाट्याची मिक्सरने, घड्याची नळाने. साधने बदलली म्हणजे देणेही फिटले काय, हा प्रश्न त्यामुळे उभा राहतो. त्याचे उत्तर शोधण्यासाठी स्वयंपाकघराच्या मागचे दार उघडून आधी परसात डोकावणे सोयीचे ठरेल.

परसबागेचा स्वभाव हिशेबी नसतो. न्हाणीच्या सांडपाण्यावर अळू माजते, मांडवावर दुधी आणि दोडका चढतो, सरळ वाढावे म्हणून पडवळाच्या टोकाला दगड बांधलेला असतो. कित्येक दिवस वेलाकडे पाहून घरातल्या बाईचे डोळे शिणतात आणि मग एकाच आठवड्यात पाच दुधी उतरतात. चार माणसांच्या घरात ते संपणे शक्य नसते. भाजी होते, सालीची चटणी होते, किसाचा हलवा होतो. उरलेले शेजारी जाते. ज्या भांड्यातून ते जाते ते भांडे रिकामे परत येत नाही. त्यात कधी चार लिंबे येतात, कधी कढीपत्त्याची डहाळी. अळूचे पान देणारी बाई ‘चिंच घालायला विसरू नका, नाहीतर घसा खाजेल’ असेही बजावते, म्हणजे भाजीबरोबर ज्ञानही दिले जाते.

या देवघेवीला औदार्य म्हणणे सोपे आहे. पण ते पुरते खरे नाही. दुधी दिला नसता तर तो जून झाला असता, भोपळा फुटला असता, अळू पिवळे पडले असते. नाशवंतपणा हाच येथे नीतीचा पहिला शिक्षक होता. देणाऱ्याला देणे भाग होते, म्हणून घेणाऱ्याला मिंधेपणा वाटत नसे. शिवाय या वर्तुळाला कुंपण होते. कोणाच्या परसातले कोणाच्या चुलीपर्यंत जावे हे जातीने ठरवलेले असे. कोरडा शिधा जेथवर जाई तेथवर शिजलेले अन्न जात नसे. तेव्हा जुन्या परसाचे गुणगान करताना आवाज बेताचाच ठेवावा लागतो. इतके मात्र मान्य करता येईल की, जे साठवता येत नाही ते वाटावे लागते, हा धडा परसाने पिढ्यान्‌पिढ्या दिला.

शीतकपाटाने हा धडा ऐच्छिक केला. उतरलेले पाच दुधी आता लगेच वाटावे लागत नाहीत. निर्णय पुढे ढकलता येतो. पूर्वीही साठवण होतीच. उन्हाळ्यात सांडगे घातले जात, आमसुले वाळत, बरण्यांत लोणची मुरत. पण त्या साठवणीला श्रम पडत आणि वाळवणाला शेजारच्या बाया हाताखाली येत. शीतकपाटातील साठवण एका हाताने, दार लावून, पूर्ण होते. जे वाटण्यासाठी होते ते मालकीचे होते. आणि पुष्कळदा मागच्या कप्प्यात विसरले जाऊन मालकालाही उपयोगी पडत नाही. हा शीतकपाटाचा दोष नव्हे. त्याने केवळ सक्ती काढून घेतली. सक्ती गेल्यावर उरते ती निवड, आणि खरी नीती तेथूनच सुरू होते.

परसात जे भाजीचे झाले, तेच स्वयंपाकघरात वेळेचे झाले आहे. यंत्रांनी वेळेचे नवे पीक आणले. मात्र ते पीक कोणाचे, हा विचार फारसा झाला नाही.

त्याआधी एक भाबडेपणा दूर सारला पाहिजे. पाटा-वरवंटा आणि जाते यांविषयी हळवे होण्याची प्रथा मराठीत आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, ही मोठीच वाङ्मयीन संपत्ती आहे. परंतु ज्या बायांनी त्या ओव्या रचल्या, त्यांच्या दारी पिठाची गिरणी आली तेव्हा त्यांनी जाते सोडायला उशीर केला नाही. पहाटे उठून खांदा भरून येईपर्यंत दगड फिरवणे हे त्या गाण्याचे मोल होते, आणि ते मोल पुन्हा मोजावे असे त्यांना सांगण्याचा अधिकार ओव्यांच्या रसिकाला नाही. पाट्यावरची चटणी अधिक रुचकर लागते हेही खरे आहे. वरवंट्याखाली खोबरे आणि लसूण रगडले जाऊन त्यांचा रस एकमेकांत उतरतो. मिक्सरचे पाते त्यांना वेगाने कापते आणि तापवते. पण त्या चवीची थोरवी जो गातो, तो बहुधा ताटावर बसलेला असतो, पाट्यापाशी वाकलेला नसतो.

महात्मा गांधी १९०९ च्या ‘हिंद स्वराज्य’पासून यंत्रांचे कठोर टीकाकार म्हणून ओळखले गेले; पण १९२४ मध्ये एका संभाषणात त्यांनी शिवणयंत्राचा अपवाद केला. पत्नी हाताने टाके घालताना शिणते हे पाहून सिंगरने ते यंत्र घडवले, त्याच्या मुळाशी प्रेम आहे, असे त्यांचे म्हणणे होते. भारतीय मिक्सरची कथाही याच वळणाची आहे. घरचे परदेशी यंत्र आपल्याकडच्या वाटणाला टिकले नाही, तेव्हा अभियंता सत्यप्रकाश माथुर यांनी येथील ओल्या-सुक्या वाटणाला पुरेल असे यंत्र बनवले. १९६३ मध्ये ‘सुमीत’ बाजारात आला. लोभातून जन्मलेले यंत्र आणि करुणेतून जन्मलेले यंत्र यांत फरक करणारी गांधींची कसोटी मोलाची आहे. पण ती यंत्राच्या जन्माविषयी बोलते. यंत्र घरात आल्यावर त्याने वाचवलेल्या वेळेचे काय होते, याविषयी ती मौन राहते.

त्या मौनावर प्रकाश टाकणारे काम रूथ श्वार्ट्झ कोवन या अमेरिकी इतिहासकार स्त्रीने १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात केले. अमेरिकी घरांत यंत्रे आली तेव्हा घरकामातून आधी सुटले ते पुरुष आणि मुले, असे त्यांनी दाखवले. नवी शेगडी आली आणि लाकडे फोडण्याचे पुरुषाचे काम संपले; रांधण्याचे काम मात्र बाईकडेच राहिले. वर अपेक्षा वाढल्या, स्वच्छतेचे आणि पदार्थांचे मान उंचावले. मराठी स्वयंपाकघरात याची प्रचीती घ्यायला दूर जावे लागत नाही. मिक्सर आल्यावर वाटणाचा तास मिनिटांवर आला. पण एका चटणीच्या जागी दोन झाल्या, आणि इडलीचे पीठ, पुरण, मसाला हे सणावारांचे पदार्थ कोणत्याही दिवशी मागण्याजोगे ठरले. देनी पापँ याने १६७९ मध्ये घडवलेल्या वाफेच्या बंद भांड्याचा वंशज असलेला कुकर दाब वाढवून पाणी सुमारे १२० अंश सेल्सियसला उकळवतो आणि डाळ थोड्या वेळात मऊ करतो. पण शिट्ट्या मोजायला कान कोणाचा लागतो हे ठरलेलेच असते. तव्यावरून थेट ताटात पडणारी गरम पोळी हे तर असे एक मान आहे की, ती लाटणारी शेवटीच जेवते. देशाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या, तर असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. मुळात असे काम करणाऱ्या पुरुषांची संख्याच थोडी होती.

वाचलेला वेळ हा परसातल्या दुधीसारखाच नाशवंत आहे. तो बरणीत भरता येत नाही, गोठवता येत नाही. ज्या दिवशी वाचला त्याच दिवशी तो वाटला गेला नाही तर दुसरे काम त्यावर चढते आणि संध्याकाळपर्यंत तो वाचला होता याची खूणही उरत नाही. भाजी शेजारी पोचवता येते. वेळ तसा पोचवता येत नाही. त्याची वाटणी एकाच रीतीने होते : दुसऱ्याने काम उचलावे लागते. कृतज्ञतेच्या शब्दांनी ते साधत नाही आणि आणखी एक यंत्र भेट देण्यानेही नाही. पुष्कळ घरांत हे काम पगारी बाईकडे सोपवले जाते. मिक्सरचे भांडे ती घासते, आणि मग स्वतःच्या घरी जाऊन, कदाचित मिक्सरवाचून, दुसरा स्वयंपाक करते. येथे वेळ वाटला जात नाही. एका बाईचा भार दुसरीकडे सरकतो. वधस्थानांच्या जुन्या यादीत हे सहावे ठिकाण घालावे लागेल.

यावर एक आक्षेप घेतला जाईल. स्वयंपाक हा अनेकींचा आनंद आहे. यंत्राने वाचवलेला वेळ त्या हौसेने नव्या पदार्थात घालतात. तो त्यांचा स्वतःचा खर्च आहे, त्याचा हिशेब इतरांनी का मागावा? आक्षेप रास्त आहे. पहिल्या कोवळ्या शेंगा हाती आल्यावर शेवग्याची आमटी करण्यात जे सुख आहे, त्याला श्रम म्हणणे अरसिकपणाचे होईल. पण हौस आणि नेम यांच्यात भेद करण्याची एक साधी खूण आहे. जे काम एखाद्या दिवशी, आजारपणाचे कारण न देता, सोडून देता येते ती हौस. जे सोडताना क्षमा मागावी लागते तो नेम. मग तो करणारीच्या चेहऱ्यावर हसू असो वा नसो. ज्या घरात बाई ‘आज मी काही करत नाही’ असे म्हणते आणि कोणीतरी न बोलता तांदूळ धुवायला उठतो, त्या घरात तिच्या हौसेवर विश्वास ठेवता येईल.

गांधींच्याच आत्मकथेत याला जुळणारी एक नोंद आहे. जोहान्सबर्गच्या घरात त्यांनी लोखंडी चाकाचे हाताने फिरवायचे जाते घेतले होते. त्यावर दळण दळायला ते स्वतः, पोलॅक आणि मुले लागत. दळणाची वेळ हीच कस्तुरबांची स्वयंपाकाला लागण्याची वेळ होती; त्याही अधूनमधून हात लावीत. त्या जात्याने वेळ वाचवला नाही, उलट घेतला. पण तो घरातल्या चार जणांकडून घेतला.

पंचसूनेच्या विचारात एक गोष्ट नेमकी होती : तिची निष्कृती रोजची होती. एकदा मोठा यज्ञ करून जन्मभराचा दोष फेडण्याची सोय तेथे नव्हती. यंत्र मात्र एकदाच विकत घेतले जाते, आणि ते घेणाऱ्याला आपले देणे कायमचे फिटल्यासारखे वाटते. जेवणे आटोपल्यावर ओट्यावर मिक्सरचे भांडे तसेच पडलेले असते. पात्याखाली अडकलेली चटणी बोटाने काढून ते धुवायला जेमतेम पाच मिनिटे लागतात. ती पाच मिनिटे आज कोणाची, हे त्या घराला रोज ठरवावे लागते.