फसफसलं म्हणजे साफ झालं?

प्रदर्शनात तुम्ही मांडलेल्या बाटल्या मी पाहिल्या. रंगीत कागद, सुतळीची गाठ, वर हिरव्या पानाचं चित्र आणि ठळक अक्षरांत ‘१०० टक्के नैसर्गिक, केमिकल-फ्री किचन क्लीनर’. पालकांनी फोटो काढले, पाहुण्यांनी पाठ थोपटली. झालं ना सगळं? आता दार लावा आणि कान इकडे करा.

अकरावी सायन्सच्या मुलांनी ‘केमिकल-फ्री’ लिहावं आणि रसायनशास्त्राच्या बाईंनी ते मुकाट्याने वाचावं, हे माझ्या वर्गात होणार नाही. व्हिनेगरमध्ये ॲसेटिक ॲसिड असतं. खायचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. दोन्हींची सूत्रं तुम्ही चाचणीत बिनचूक लिहिलीत. बाटलीला सुतळी बांधल्यावर ती सूत्रं कुठे गेली?

पहिली बाटली घ्या. कृती अशी: व्हिनेगरमध्ये सोडा घाला, फसफस थांबू द्या, मग भरून ठेवा. फसफस थांबू द्या! अरे, आम्ल आणि अल्कली एकमेकांना भिडले, दोघांचाही जोर संपला, आणि तो संपल्यावर उरलेलं पाणी तुम्ही बाटलीत भरलंत. समीकरण मांडा. सोडियम ॲसिटेट, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड. वायू उडून गेला. ५ टक्क्यांच्या १०० मिली व्हिनेगरमध्ये ५ ग्रॅम आम्ल, ते संपवायला ७ ग्रॅम सोडा पुरतो. म्हणजे तुमच्या बाटलीत आहे खारट पाणी. सोडा कमी पडला असेल तर थोडं मिळमिळीत व्हिनेगर, जास्त झाला असेल तर थोडं सोड्याचं पाणी. यावर किंमत लिहायला तुमचा हात धजला कसा?

आणि फसफस पुरती थांबायच्या आत कोणी झाकण घट्ट लावलं असतं तर? बाटली फुगून फुटते. हे सांगायला बाई कशाला हव्यात, सोडा वॉटर कधी प्यायला नाहीत का?

ही तेलकट कढई मी मुद्दाम स्टाफरूममधून आणली आहे. भज्यांची आहे, कडेला तेलाचा चिकट पिवळा थर बसलाय. ओता तुमचं पाणी. घासा. अजून घासा. बोट फिरवून बघा, चिकट ते चिकटच. आता याच कढईच्या दुसऱ्या बाजूला दुसऱ्या बाटलीतलं रिठ्याचं पाणी लावा. सुटलं? सुटणारच. रिठ्याच्या सालीत सॅपोनिन असतं. त्याच्या रेणूचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला, आणि तेल पाण्याबरोबर वाहून जातं. साबणही हेच करतो. चार बाटल्यांत कामाची निघाली ती ही एक, आणि तीच तुम्ही मागच्या रांगेत ठेवलीत, कारण ती दिसायला तपकिरी आहे!

तिच्यावरही मी खूश नाही. झाकण उघडून वास घ्या. आंबलंय. रिठे भिजवून उकळलेलं पाणी चार-सहा दिवसांत नासतं, उन्हाळ्यात त्याहूनही लवकर. थोडं करायचं, फ्रिजमध्ये ठेवायचं, संपलं की पुन्हा करायचं. तुम्ही वर ‘सहा महिने टिकते’ असं छापलंत. कोणी टिकवून पाहिलं? एकानेही नाही. डोळ्यांत गेलं तर रिठा किती झोंबतो, तेही कुठे लिहिलेलं नाही. नैसर्गिक आहे म्हणून? धोतराही नैसर्गिकच आहे आणि कण्हेरही.

तिसरी बाटली, लिंबू-मिठाची. ‘स्वयंपाकघरातील सर्व पृष्ठभागांसाठी.’ सर्व? तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरी ओटा कडप्प्याचा आहे. कडप्पा म्हणजे चुनखडक. चुनखडकावर आम्ल टाकल्यावर काय होतं, हे सातवीतलं पोरही सांगेल. लिंबाची अर्धी फोड रात्रभर कडप्प्यावर उपडी राहिली तर सकाळी तिथे पांढुरकं, खरबरीत वर्तुळ दिसतं. तो डाग पुसून जात नाही, कारण तो डाग नाहीच. तिथला दगड खाल्ला गेलेला असतो. संगमरवराचीही तीच गत. तुमच्या या बाटलीने एखाद्या माउलीने हौसेने ओटा पुसला आणि झिलई गेली, तर ती शिव्या कोणाला घालील? लिंबाला नाही घालणार.

घरातल्या जुन्या बायका हेच लिंबू, हीच चिंच, हीच राख वापरत होत्या. पण त्यांना कशाला काय लावायचं हे ठाऊक होतं. पितळेचा तांब्या चिंच-मिठाने, कारण चिंचेतलं आम्ल वरचा काळपट थर विरघळवतं. तेलकट खरकट्याला लाकडाची राख, कारण तिच्यात पोटॅशियम कार्बोनेट असतं आणि ते तेलाला धरून सुटायला लावतं. दगडी कोळशाची राख त्या जागी चालत नाही. कल्हईच्या भांड्याला आतून चिंच-राखेचा खसखसा हात कधी नाही, कारण कल्हई उतरली की आत आंबट आमटी कळकते. लोखंडी तव्याला आम्ल नाही. ॲल्युमिनियमला तर धुण्याचा सोडाही नाही, भांडं काळं पडतं. तुमच्या चिमणीची जाळीही ॲल्युमिनियमची असू शकते, ती सोड्याच्या गरम पाण्यात बुडवून ठेवण्याआधी विचारा. त्या बायकांना सूत्र येत नव्हतं, तरी चुकत नव्हत्या. तुम्हांला सूत्र येतं आणि तुम्ही अर्ध्या हळकुंडाने पिवळे झालात.

चौथी बाटली, बायोएन्झाइम. गूळ, फळांच्या साली आणि पाणी, १:३:१० हे प्रमाण बरोबर घेतलंत, तेवढं मानते. पण ते आंबायला साधारण तीन महिने लागतात. प्रदर्शनाची सूचना लागून महिनाही झालेला नाही. मग हे काय आहे? सालींचं गोड पाणी. त्याने ओटा पुसला तर मुंग्या वारूळ करतील. पहिले काही आठवडे आत वायू तयार होतो, म्हणून झाकण रोज सैल करावं लागतं. तुम्ही काचेच्या बाटलीत भरून वर मेण लावलंत! आणि हे ‘९९ टक्के जंतू मारते’ कोणी मोजलं? जंतू वाढवायची प्लेट लावली होती? आधी किती, नंतर किती? नोंदवही दाखवा. नाही ना? मग ते वाक्य खोटं आहे, आणि प्रयोगवहीत खोटं लिहिणाऱ्याला मी काय करते हे तुम्हांला ठाऊक आहे. मासळी-कोंबडी कापलेली फळी साबणाने आणि कढत पाण्याने धुवायची. लिंबाच्या वासावर विसंबायचं नाही.

आता जे सांगते ते चेष्टेवारी नेऊ नका. तुमच्यापैकी एकाने माहितीपत्रकात लिहिलंय, ‘अधिक परिणामासाठी थोडे ब्लीच मिसळा.’ ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट. त्यात व्हिनेगर, लिंबू किंवा संडास धुण्याचं ॲसिड पडलं की क्लोरीन सुटतो. २२ एप्रिल १९१५ ला बेल्जियममधल्या ईप्र इथे जर्मन सैन्याने खंदकांवर सोडला तोच वायू. बंद खिडक्यांच्या छोट्या स्वयंपाकघरात कोणाची आई तो छातीत भरून घेईल, याचा विचार केलात? ही ओळ लिहिणाऱ्याने तास संपल्यावर मला भेटायचं आहे.

आणि हे सगळं भरलंत कशात? कोल्ड्रिंकच्या बाटलीत. पिवळसर, थोडं फेसाळ, सरबतासारखं. घरात तीन वर्षांचं पोर असेल तर ते आधी तोंडालाच लावणार. खाण्या-पिण्याच्या बाटलीत साफसफाईचं काहीही भरायचं नाही, हा नियम या शाळेच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ हवा.

घरी साफसफाईची द्रव्यं करू नका, असं मी म्हणत नाही. जरूर करा. करपलेल्या पातेल्याला सोडा थोड्या पाण्यात कालवून लावा. बोअरच्या पाण्याने नळावर पांढरा थर धरला असेल तर व्हिनेगरचा बोळा गुंडाळून ठेवा, तो थर कॅल्शियम कार्बोनेटचा, आम्लाने सुटतो. तेलाला रिठा, पितळेला चिंच. पैसे वाचतात, नदीवरचा भारही थोडा हलका होतो. पण दोन चांगल्या गोष्टी एकत्र केल्या की तिसरी अधिक चांगली होते, हा हिशेब रसायनशास्त्रात चालत नाही.

सोमवारी प्रत्येक गटाने नवं लेबल आणायचं. त्यावर चार गोष्टी हव्यात: आत काय आहे, कशावर वापरायचं, कशावर वापरायचं नाही, आणि केल्याची तारीख. ‘केमिकल-फ्री’ हा शब्द पुन्हा दिसला तर गुण शून्य. पहिली बाटली आत्ता बेसिनमध्ये ओता. रिठ्याची नव्याने करून आणा, तिला मी पहिला नंबर देईन.