पस्तावा दोन्ही दारांनी येतो

मालात खोट नसेल तर दुकानदाराने पैसे परत द्यावेत का? कायद्याचं उत्तर थोडक्यात आहे. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै 2020 मध्ये लागू झाला. सदोष माल परत न घेणं, आणि पावतीवरच्या मुदतीत, मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, पैसे न देणं ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरते. हे सगळं सदोष मालाबद्दल. माल चांगला आहे पण मन बदललं, अशा गिऱ्हाइकासाठी दुकानदार कशालाही बांधील नाही. आम्ही नामदेव शिंपी. बेंगळुरूत चिकपेटच्या मागच्या गल्लीत मी जुन्या शिलाई मशिनी विकते. माझ्याकडे परत येतात त्या बहुतेक मशिनी धडधाकट असतात.

मशीन देताना आमचे मेकॅनिक चाचा ती गिऱ्हाइकासमोर चालवून दाखवतात. आधी जीनचा जाड तुकडा चार पदरी करून सुईखाली घालतात, मग मलमल. वरचा-खालचा टाका सारखा पडला की शटल काढून गिऱ्हाइकाच्या हातात देतात आणि कडेवरून नख फिरवायला सांगतात, कुठे अडकतं का बघा म्हणून. इतकं पारखून नेलेली मशीन दोन दिवसांनी रिक्षातून उतरते. पट्टा तसाच, टेबलावर ओरखडा नाही. “अक्का, सासूबाईंना घरात खटखट नको.” नाहीतर, “पीण्याच्या गारमेंट कारखान्यात नोकरी लागली, आता मशीन कशाला?”

आपल्या धर्मशास्त्रात ह्या मन बदलण्याला स्वतंत्र जागा आहे. अठरा व्यवहारपदांत खरेदी-विक्रीनंतरचा पस्तावा, म्हणजे अनुशय, हे एक पद आहे. मनुस्मृती त्यासाठी दहा दिवस देते, आणि वस्तूत दोष हवाच असं म्हणत नाही. नारदस्मृतीचा नारद जास्त व्यवहारी. घेऊन पस्तावलेल्याने वस्तू त्याच दिवशी, धक्का न लावता परत करावी. दुसऱ्या दिवशी किमतीचा तिसावा भाग सोडावा, तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट, पुढे वस्तू त्याचीच. साडेचार हजारांच्या मशीनला हे दीडशे आणि तीनशे रुपये होतात. हमाली आणि तेलपाणी त्यात निघतं. वापरून मळलेलं, विरलेलं वस्त्र घेतलं असेल तर मात्र दोष असला तरी ते परत करता येत नाही, असंही नारद सांगतो. जुन्या मालाचा विचार त्याने वेगळा केला होता.

ही पुस्तकं मी डोक्यावर घेत नाही. याज्ञवल्क्याने माल पारखायच्या मुदती दिल्या आहेत: बियाणं दहा दिवस, लोखंड एक, ओझ्याचं जनावर पाच, रत्न सात, दुभतं जनावर तीन. त्याच ओळीत बाई महिनाभर आणि पुरुष पंधरवडा. म्हणजे दासी आणि दास, असं विज्ञानेश्वर मिताक्षरा ह्या त्यावरच्या टीकेत सांगतो. मिताक्षरा आमच्याच राज्यात, कल्याणीला, आजच्या बसवकल्याणला लिहिली गेली. त्याच कल्याणात बाराव्या शतकात माणसामाणसांत भेद न मानणारे बसवण्णा उभे राहिले, हे मला बरं वाटतं. ज्या माणसांची पारख चालली होती त्यांना पस्तावायची मुदत कुणी दिली नाही. मी ह्यातून मुदतीची कल्पना घेते, बाकीचं मला नको.

मनूची मुदत घेणाऱ्याला आहे तशीच विकणाऱ्यालाही आहे. जुन्या मालाच्या धंद्यात हे फार मोलाचं, कारण आम्ही आधी विकत घेतो. गेल्या पावसाळ्यात श्रीरामपुरमच्या एक बाई नवऱ्याची पायमशीन देऊन गेल्या. नवरा शिंपी, नुकताच वारलेला. दुसऱ्या दिवशी शटर उघडायच्या आत त्या मुलाला घेऊन दारात उभ्या. नोटांना मी लावलेलं रबर तसंच. भाव रास्त होता, फसवणूक नव्हती. ग्राहक कायदा इथे काय करणार? त्या व्यवहारात विकत घेणारी मी होते.

मशीन मी दिली. चाचांना आनंद झाला. इस्लाममध्ये ह्याला इकाला म्हणतात, त्यांनी सांगितलं: पस्तावलेल्याचा सौदा जो मोडून देतो, त्याच्या चुका अल्ला कयामतच्या दिवशी माफ करतो. पण ते पुण्य, सक्ती नव्हे. सक्तीने घेतलं तर सवाब कसला, असं चाचांचं म्हणणं.

मला ते अर्धंच पटतं. नुसत्या दुकानदाराच्या मनावर सोडलं की ज्याला बोलता येतं, ज्याच्यासोबत चार माणसं येतात, त्याला पैसे मिळतात. रायचूरहून कामाला आलेली एकटी पोरगी ‘आगल्ला’, म्हणजे जमणार नाही, एवढंच ऐकते आणि मशीन उचलून परत जाते. तिला दया मागायला लावू नये. तिच्या हातातल्या पावतीवरच मुदत छापलेली असावी. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही ओळ आमच्या पावतीवरून मी काढली आणि तिथे नारदाचे तीन दिवस कापणीसकट घातले. आम्हाला विकणाऱ्यांसाठी मनूचे दहा दिवस, कापणी नाही. धाकट्या दिरांना हे पसंत नाही. दहा दिवस मशीन कोपऱ्यात पडून, भांडवल अडकतं, असं ते म्हणतात. अडकतं खरं. तरी मी ते सोडणार नाही.

श्रीरामपुरमच्या मशीनवर आदल्या संध्याकाळी एका टेलरने पाचशे रुपये इसार ठेवला होता. तो मी परत केला, पण तो चिडून गेला, आणि त्याचं चुकलं नव्हतं. इसार घेतल्यावर माझा शब्द त्याचा झाला होता. आता दहा दिवस होईपर्यंत मी कुणाचा इसार घेत नाही.