कौल

देवाला कौल लावण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. गुरव देवाच्या अंगावर फुलें किंवा भिजलेले तांदूळ चिकटवतो, मनांतला प्रश्न बोलून दाखविला जातो, आणि उजवी कळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार, असें समजतात. या चालीवर विश्वास ठेवावा कीं नाहीं हा वाद निराळा. सुशिक्षितांत तो केव्हांच संपला असें म्हणतात, तरी मुलीच्या लग्नाच्या वेळीं तो पुन्हां उकरून निघतो. मला त्यांतली एकच गोष्ट विचार करण्यासारखी वाटते. कौल लावणारा मनुष्य प्रश्न उच्चारण्यापूर्वींच एक बंधन पत्करतो. डावी कळी पडली तर हातचें काम सोडून देईन, हें त्या बंधनाचें स्वरूप. जो हें पत्करीत नाहीं आणि मनाजोगती कळी पडेपर्यंत पुन्हां पुन्हां तांदूळ चिकटवतो, त्याला गांवचे लोक भाविक म्हणत नाहींत. त्याच्यासाठीं त्यांच्याजवळ दुसरा शब्द आहे. तो येथें लिहिण्याची गरज नाहीं.

लोकशाहीनें हा शब्द देवळांतून उचलून आणला. निवडणुकीच्या निकालाला आपण जनतेचा कौल म्हणतों, आणि तेथें त्याचें बंधनही पाळलें जातें. पडलेला उमेदवार कितीही रागावला तरी घरीं जातो. परंतु अलीकडे कौलाचा आणखी एक प्रकार रूढ झाला आहे. शहराचा नदीकांठ पालटावयाचा असतो, त्याची योजना तयार होते, आणि वर्तमानपत्राच्या कोपऱ्यांत बारीक अक्षरांत हरकती व सूचना मागविल्याची जाहिरात येते. या मागण्यांत बंधन कितपत असतें, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं एका शहरांत अशा एका सभेला मी श्रोता म्हणून गेलों होतों. शहराचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. पडद्यावर नदी होती, पण ती निळी होती. दोन्ही कांठांना फरशी, दिव्यांच्या रांगा, सायकलींचा मार्ग, आणि खांबाखांबांवर पाण्याची पातळी, हवेची शुद्धता व येणाऱ्या-जाणाऱ्यांची संख्या मोजणारीं यंत्रें. चित्रांतलीं माणसें सडपातळ होतीं आणि कोणाच्याही डोक्यावर ओझें नव्हतें. सल्लागार तरुण, हुशार व अत्यंत नम्र होते. शेवटीं त्यांनीं, कोणाला कांहीं विचारावयाचें असल्यास विचारा, म्हणून सांगितलें. मागच्या रांगेंतून एक बाई उठली आणि म्हणाली, "साहेब, यांत धुणं कुठं धुवायचं?" सभेंत हंशा पिकला. बाई हंसली नाहीं. सल्लागारांनीं पडद्याकडे पाहिलें, वहींत कांहीं टिपून घेतलें, आणि सूचना चांगली आहे, तपशिलाच्या टप्प्यावर तिचा विचार करूं, असें उत्तर दिलें. त्या हंशांत मीही होतों, हें येथें कबूल केलेलें बरें.

मी राहतों घोटीस. घोटी म्हणजे मुंबई-आग्रा रस्त्यावरची भाताची पेठ. नाशिक येथून ३५ किलोमीटरांच्या आसपास. आमच्या इगतपुरी तालुक्यांत पाऊस उदंड पडतो आणि तो दूरदूरच्या लोकांच्या उपयोगीं पडतो. वैतरणेचें पाणी मुंबईस जातें. दारणेचें पाणी नांदूर-मधमेश्वराच्या बंधाऱ्यापासून कालव्यांनीं निफाड-कोपरगांवाकडे वळतें. मुकणे धरणाचें पाणी नळानें नाशिक शहरास जातें. म्हणजे आमचें पाणी गोदावरीला दोन वाटांनीं भेटतें. एक वाट देवानें आंखलेली. नाशिकच्या खालीं दारणा सांगवीपाशीं नदी नदीला मिळते. दुसरी माणसानें आंखलेली. नळांतून घरांत, घरांतून गटारांत, गटारांतून शुद्धीकरण केंद्रांत, आणि तेथून गोदेंत. नाशिकचा नदीकांठ सुशोभित करण्याचे बेत होतात तेव्हां कांठावरच्या लोकांना विचारतात, निदान विचारल्यासारखें करतात. पाणी ज्यांच्या डोंगरांतून निघालें त्यांना विचारावें हें मात्र कोणाच्या मनांत येत नाहीं. आणि खरें सांगावयाचें तर तें आमच्याही मनांत आलें नव्हतें. पावसाळ्यांत धरणाचे दरवाजे उघडतात तेव्हां नदीकांठच्या गांवांना इशारा पोंचतो. शहर, धरण आणि सरकार यांच्याकडून आम्हांस येणारा निरोप बहुधा असाच असतो. त्यांत सूचना असते, प्रश्न नसतो.

दारणेचें धरण १९१६ सालीं पुरें झालें. त्या वेळीं लागू असलेल्या १८९४ च्या भूमिसंपादन कायद्यांत, ज्याची जमीन जावयाची त्यानें ती घेण्याच्या हेतूवरच हरकत घ्यावी आणि ती ऐकली जावी, अशी तरतूदच नव्हती. मोबदला किती, एवढ्यापुरतें त्याला बोलतां येत असे. हरकत ऐकून घेण्याचें कलम कायद्यांत १९२३ सालीं आलें. तोंपर्यंत दारणेच्या पाण्याखालीं गेलेल्या शेतांवर सात पावसाळे होऊन गेले होते. आतां कोणी असें म्हणेल कीं, विचारलें असतें तर धरण झालें असतें काय? कालव्याखालीं जो ऊस उभा राहिला, ज्या घरांतलीं मुलें शिकलीं, तें सारें त्या न विचारण्याचेंच फळ नव्हे काय? हा आक्षेप हलका नाहीं. माझें स्वतःचें मत असें आहे कीं, धरण झालें तें बरें झालें. तरीही न विचारण्याचा अन्याय त्या बरेपणानें पुसला जात नाहीं. एखाद्याचे पैसे त्याला न सांगतां घेऊन आपण त्याच्या शेजाऱ्याच्या आजारपणांत खर्च केले, शेजारी बरा झाला, सर्वांना आनंद झाला, म्हणून घेणें हें मागणें ठरत नाहीं. विचारण्याचें कारण केवळ योजना सुधारते एवढेंच असतें, तर ज्या दिवशीं यंत्रें आपल्याहून चांगली योजना करूं लागतील त्या दिवशीं विचारणें बंद करण्यास हरकत नसावी. विचारण्याचें खरें कारण असें कीं, ज्याचें घर, वाट आणि पाणी आपण योजनेंतला माल म्हणून वापरतों, तो माल नव्हे.

तज्ज्ञांची बाजू मी कमी लेखीत नाहीं. पूर कोठवर चढेल हें सभेंत हात वर करून ठरत नाहीं. सभेंत मोठ्यानें बोलणारा तोच जनता असेंही नाहीं. पुष्कळदां तो त्या कांठावर जागा घेऊन बसलेला असतो. पण शस्त्रवैद्याचें उदाहरण घ्या. पोटांत काय बिघडलें हें रोग्यापेक्षां त्याला शंभरपट अधिक कळतें, तरी शस्त्र लावण्यापूर्वीं तो रोग्याला विचारतो, आणि रोगी नको म्हणाला तर हात आवरतो. तेथें ज्ञान वैद्याचें, पण शरीर रोग्याचें, ही वाटणी सर्वांना मान्य आहे. शहराच्या बाबतींत मात्र ती आपल्याला अजून अवघड जाते.

कायद्याची रीत पाहावी. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेनें मोठ्या प्रकल्पांसाठीं जनसुनावणी ठरवून दिली. तीस दिवसांची पूर्वसूचना, जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधि अध्यक्ष, बोललेलें सर्व लिहून घ्यावयाचें. इतकें उत्तम. परंतु सुनावणीला गणसंख्येची अट नाहीं. मंडपांत कोणी नसला तरी कामकाज सुरू होऊं शकतें. आणि बांधकामाच्या व नगरविकासाच्या प्रकल्पांना या जनसुनावणींतून सूटच आहे, म्हणजे शहरी माणसाच्या उंबऱ्यावर येणाऱ्या पुष्कळशा योजनांसाठीं या वाटेनें त्याला विचारण्याचें कारणच उरत नाहीं. पुढें २०२० सालीं याच अधिसूचनेचा नवा मसुदा हरकतींसाठीं निघाला तो इंग्रजींत व हिंदींत. देशांतल्या इतर भाषांत तो उपलब्ध करावा, असें दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावें लागलें. ज्याला वाचतां येणार नाहीं त्यानेंही हरकत घ्यावी, हा विनोद शासनाच्या दप्तरांत पुष्कळांना विनोद वाटलाच नाहीं.

२०१५ सालीं केंद्र सरकारनें स्मार्ट सिटी अभियान सुरू केलें आणि शहरांची चढाओढ लावली. नाशिकचें नांव सप्टेंबर २०१६ च्या यादींत आलें. गोदाकांठ हा त्या योजनेचा एक मोठा भाग होता. प्रस्तावांच्या परीक्षणांत नागरिकांच्या सहभागालाही गुण होते. हेतु चांगलाच असावा. पण विचारणाऱ्याला विचारल्याबद्दल गुण मिळूं लागले कीं, तो किती जणांना विचारलें याची गणती ठेवूं लागतो. उत्तरानें आपल्यांत काय पालटलें, याचा रकाना त्या तक्त्यांत नसतो.

यंत्रांना माझा विरोध नाहीं. नाशिकच्या गोदापात्रांत दुतोंड्या मारुती उभा आहे. पाणी त्याच्या कमरेला लागलें, छातीला लागलें, यावरून नाशिककर पूर मोजतात. तेंही एक यंत्रच. पण त्याचें माप बाजारकरीण आणि अभियंता दोघांनाही सारखेंच वाचतां येतें. नव्या यंत्रांचें तसें नसतें. तीं पाण्याबरोबर माणसालाही मोजतात, आणि तें माप त्या माणसाच्या डोळ्यांपुढें येत नाहीं. कॅनडांत टोराँटो शहरीं नेमका हाच झगडा झाला. ऑन्टॅरिओ सरोवराच्या कांठची १२ एकर जागा नव्या धर्तीवर वसविण्यासाठीं गूगलच्या भगिनी-कंपनीला, साइडवॉक लॅब्जला, २०१७ सालीं निवडण्यांत आलें. रस्तोरस्तीं टिपणारीं यंत्रें बसणार होतीं. टिपलेल्या माहितींतून माणसाची ओळख जागच्या जागीं पुसली जाईल याची हमी सर्वांकडून मिळेना, तेव्हां गोपनीयतेच्या सल्लागार ॲन कॅव्हूकियन यांनीं २०१८ सालीं पद सोडलें. २०१९ च्या जूनमध्यें दीड हजारांहून अधिक पृष्ठांचा आराखडा आला आणि १२ एकरांची भूक १९० एकरांवर गेलेली दिसली. मग सभा झाल्या, लोकांनीं तीं पृष्ठें खरोखरच वाचलीं, आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरअखेर कंपनीला पुन्हां १२ एकरांवर यावें लागलें. मे २०२० मध्यें आर्थिक अनिश्चिततेचें कारण सांगून तिनें योजनाच सोडली. मला त्यांतलें शेवटचें वाक्य महत्त्वाचें वाटत नाहीं. १९० चे १२ झाले, तें महत्त्वाचें वाटतें. तेथें डावी कळी पडण्याची सोय होती.

आपल्या जुन्या ग्रंथांत हा विषय नवा नाहीं. वाल्मीकीच्या रामायणांत दशरथ रामाला यौवराज्य देण्याविषयीं सभेला विचारतो. सभा एकमुखानें होय म्हणते. येथें दुसरा एखादा राजा संतुष्ट झाला असता. दशरथ उलट विचारतो, मी धर्मानें राज्य करीत असतां तुम्हांला दुसरा राजा कां हवासा वाटला? होकाराचेंही कारण मागणारा हा राजा मला मोठा वाटतो. पुढें त्याच रात्रीं तो सभेचा निर्णय अंतःपुरांत फिरला, हेंही विसरतां येत नाहीं. आजच्याही कित्येक सभांचा निकाल दुसऱ्या दालनांत लागतो. महाभारतांतला धृतराष्ट्र याच्या उलट. त्याला झोंप येत नाहीं म्हणून तो विदुराला बोलावतो, रात्रभर विचारतो, विदुराचें बोलणें त्याला पटतेंही, आणि मुलाची गोष्ट निघतांच मन पुन्हां तिकडे वळतें असें तो स्वतःच सांगतो. विचारण्यांत त्यानें कांहींच उणें ठेवलें नाहीं. इतका चांगला सल्लागार आणि इतका मन लावून ऐकणारा श्रोता दुर्मिळ.

मात्र हें सर्व लिहितांना बोट केवळ दुसऱ्याकडे दाखवून भागणार नाहीं. जाहिरात येते तेव्हां आपण सुशिक्षित ती वाचीत नाहीं. मुदत संपल्यावर मात्र संपादकांना पत्र लिहितों. आणि विचारण्याची पाळी आपल्यावर आली म्हणजे आपणही फार निराळे वागत नाहीं. आमच्या वस्तीजवळच्या ओढ्याकांठीं बांक टाकावेत, झाडें लावावींत, असा बेत आम्हीं चौघांनीं एका ओसरीवर चहा पीत केला. कागद तयार झाला, त्यावर सह्या घ्यावयाच्या ठरल्या. त्या कांठावर पावसाळा सरल्यावर कातकऱ्यांचीं दोन-तीन पालें उतरतात. त्यांनाही विचारलें पाहिजे, असें मीच सुचविलें, आणि त्याबद्दल मनांतल्या मनांत स्वतःला शाबासकीही दिली. शाईची डबी घेऊन मी गेलों. पालाच्या तोंडाशीं एक म्हातारा जाळें दुरुस्त करीत बसला होता. मीं बेत समजावून सांगितला. त्यानें सर्व ऐकून घेतलें, ओढ्याकडे पाहिलें आणि म्हणाला, "तुमी ठरिवलंच हाय, तर घ्या आंगठा." त्यानें हात पुढें केला होता. मीं डबी उघडली नाहीं. पाल कोठें घालावें लागेल, जाळें कोठें वाळत टाकावें लागेल, हें त्याला विचारावयास पाहिजे होतें. पण तो हो किंवा नाहीं म्हणाला असता तर बेत फिरविण्याची मुखत्यारी मीं ओसरीवरच्या तिघांकडून घेऊन आलों नव्हतों. इकडचें तिकडचें बोलून मी परत आलों. तो कागद माझ्या मेजाच्या खणांत आहे. त्यावर एकोणतीस सह्या झालेल्या आहेत, आणि ओसरीवरची मंडळी अधूनमधून त्याची चौकशी करतात.